एकाच रिळाचे दोर

माझ्या मामाला घाईत काही विकणं आजवर कुणाला जमलं नाही. साधी छत्री घ्यायची असली तरी तो ती उघडायचा, मिटायचा, पुन्हा उघडायचा, एकेक काडी बोटानं वाकवून बघायचा आणि शेवटी दुकानदाराला म्हणायचा, "पुन्हा बघू." दुकानदार मनातल्या मनात शिव्या घालायचा. चार दिवसांनी मामा खरंच पुन्हा जायचा आणि तीच छत्री घ्यायचा. कामावर सगळे त्याला 'पुन्हाबघू' म्हणत, साहेबसुद्धा. खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकू यायचं.

तो लिफ्ट दुरुस्त करायचा. उंच इमारतीच्या अगदी वर, गच्चीवर, एक कोंदट खोली असते. तिथे मोटर असते, मोठी चाकं असतात आणि त्या चाकांवरून पोलादी दोर खाली अंधारात उतरतात. अशा खोल्यांत मामाचं आयुष्य गेलं. उन्हाळ्यात अंगाची लाही व्हायची, कानात घरघर, हाताला ग्रीस. लहानपणी एकदा तो मला अशा खोलीत घेऊन गेला होता. "बघ, सहा दोर आहेत," तो म्हणाला. "एकट्यानंसुद्धा केबिन पेलली असती, तरी सहा लावतात." मग त्यानं एकेक दोर तळहातानं जरासा ढकलून सोडला. सहाही सारखेच थरथरले. तेव्हा कुठे त्याचा चेहरा सैल झाला.

"एखादा ढिला असला की बाकीच्यांवर ओझं येतं आणि ते झिजतात," त्यानं मला समजावलं. "म्हणून सगळे एकाच रिळाचे घ्यायचे. बदलायचे तर सगळे एकदम बदलायचे. नव्यात जुना आणि तारेत सूत असली खिचडी करायची नाही." हा त्याच्या धंद्यातला नियम होता. मामानं तो पाळला आणि त्याच्या हातच्या लिफ्टमध्ये कधी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे मी कौतुकानं सांगतेय, आणि पुढे जे झालं ते या नियमामुळेच झालं, म्हणूनही सांगतेय.

आता बेबीचं सांगायला हवं. बेबी म्हणजे माझी मावशी. माझी आई थोरली, मामा मधला आणि बेबी शेंडेफळ. तिचं वय वाढत गेलं, केस पांढरे झाले, पण समज सात-आठ वर्षांच्या पोरीची राहिली. टॉवेलच्या घड्या ती माझ्यापेक्षा नीट घालते. कपाटातल्या वाट्या उंचीप्रमाणे लावते आणि कुणी एक हलवली तर दिवसभर बोलत नाही. पण गॅसजवळ तिला एकटं सोडता येत नाही, रस्ता ओलांडता येत नाही, आणि ताप आला तर कुठे दुखतं ते सांगता येत नाही. आजी-आजोबा गेले तेव्हा नातेवाइकांची बैठक बसली. नातेवाईक सल्ला द्यायला एका पायावर तयार असतात. प्रत्येकानं बेबीला कुठे ठेवावं ते दुसऱ्याला सांगितलं. मामा तेव्हा ऐन पंचविशीत होता. तो उठला, बेबीची चप्पल शोधली, तिच्या पायात घातली आणि तिला घेऊन आपल्या खोलीवर गेला. तिथेच बैठक संपली.

त्याचं लग्न झालं नाही. दोन-तीन ठिकाणी बोलणी झाली होती. मुलीकडचे बेबीचं विचारायचे, मामा म्हणायचा, "ती माझ्याबरोबर राहणार," आणि चहाचे कप उचलले जायचे. त्याला त्याचं दुःख होतं की नाही, मला माहीत नाही. विचारायची सोय नव्हती. दिवसा शेजारची शिवणकाम करणारी बाई बेबीकडे बघायची आणि मामा तिचं मशीन, पंखा, नळ, जे बिघडेल ते दुरुस्त करून द्यायचा. कुणाचं काही घेतलं असं तो राहू द्यायचा नाही. कुणापुढे हात पसरायचा नाही, हे त्याचं ब्रीद होतं. त्याचा मला अभिमान वाटायचा आणि रागही यायचा. माझी आई गेली तेव्हा मी एवढंच म्हटलं होतं, "मामा, बेबीमावशीला थोडे दिवस माझ्याकडे पाठव, तुला जरा मोकळं वाटेल." त्याचा चेहरा पडला. "म्हणजे मला जमत नाही, असं म्हणायचंय तुला," तो म्हणाला आणि कितीतरी महिने माझ्याकडे फिरकला नाही. तेव्हापासून मी कानाला खडा लावला. तो विषय मी पुन्हा काढला नाही.

निवृत्तीच्या सुमारास मामाला जिना चढताना धाप लागायला लागली. डॉक्टरांनी छातीचे फोटो काढले आणि हृदय थकलंय म्हणून सांगितलं. गोळ्यांनी चालेल, किती चालेल ते सांगता येत नाही. मी औषधांच्या दुकानात काम करते. चिठ्ठीवरची नावं वाचली आणि मला समजायचं ते समजलं. मामालाही समजलं होतं. त्यानं स्वतःबद्दल एक शब्द काढला नाही. फक्त म्हणाला, "बेबी माझ्याहून बरीच लहान आहे. तिला काही आजार नाही. ती पुष्कळ जगणार."

शहराबाहेर बेबीसारख्या मोठ्या माणसांसाठी एक निवासी संस्था होती. मामा आणि मी ती बघून आलो. स्वच्छ होती. मागे भाजीचे वाफे, एका खोलीत चटया विणायचा माग, आणि भिंती नुसत्या पांढऱ्या न ठेवता कुणीतरी त्यांना पिवळा रंग दिला होता. मामानं न्हाणीघरातल्या आधाराच्या दांड्या जोर लावून ओढून पाहिल्या. तिथली लिफ्टही दोनदा वर-खाली करून पाहिली. संस्था घ्यायला तयार होती, पण जागा रिकामी नव्हती, नावं आधीच रांगेत होती. प्रवेशाच्या वेळी मोठी ठेव द्यायची आणि मग दर महिन्याला शुल्क, बेबी असेपर्यंत. मामाकडे निवृत्तीचे पैसे होते आणि वडिलांच्या घराचा हिस्सा आला होता. त्याला एकच गोष्ट हवी होती. तो गेल्यावर बेबीसाठी कुणालाही काही मागावं लागू नये, आणि कुणी तिच्याकडे ओझं म्हणून बघू नये. त्या पैशानं तेवढं करायचं होतं.

बँकेतल्या ठेवीचं व्याज महागाई खाऊन टाकते हे त्याला कळत होतं. इतकी वर्षं पुरायचं तर पैसा वाढायला हवा, म्हणजे शेअर बाजार आलाच. पण शेअर त्याला ओळखता येत नव्हते, आणि वेगवेगळे फंड घेतले तर तो गेल्यावर त्यांच्यावर लक्ष कोण ठेवणार? असं फिरत फिरत तो फंडांच्या फंडापाशी आला. मग रोज संध्याकाळी मी दुकानातून सुटले की त्याच्याकडे जायचे आणि स्वयंपाकघरातल्या टेबलावर त्याला माहितीपत्रकं वाचून दाखवायचे. त्याला बारीक अक्षर दिसत नसे. बेबी शेजारी बसून वाचून झालेली पत्रकं एकावर एक काटेकोर रचून ठेवायची.

"म्हणजे हा स्वतः शेअर घेत नाही," मामा म्हणाला. "शेअर घेणाऱ्या फंडांना घेतो."

"हो."

"हा मिस्त्री नाही, मिस्त्र्यांवरचा मुकादम आहे."

"बरोबर."

"मग मुकादमाची मजुरी वेगळी आणि मिस्त्र्यांची वेगळी. दोन्ही कोण देणार?"

"तू."

"असं कुठे मोठ्या अक्षरात लिहिलेलं नाही," तो म्हणाला. लिहिलेलं होतं, पण शेवटच्या पानावर, मुंगीच्या पावलांएवढ्या अक्षरात. दोन मजुऱ्या वरवर किरकोळ वाटत होत्या. पंचवीस वर्षं त्या दरसाल कापल्या गेल्या की किती होतात ते मी कॅल्क्युलेटरवर काढून दाखवलं. मामा बराच वेळ त्या आकड्याकडे बघत राहिला. बेबीनं कॅल्क्युलेटर उचलून पुसून ठेवला.

दुसऱ्या दिवशी त्याचा प्रश्न तयार होता. "हा मुकादम आपल्याच मेहुण्याला काम देतो का?" म्हणजे आपल्याच कंपनीचे फंड पोटात घालतो की बाहेरचे चांगले शोधतो? मी शोधलं. निम्म्याहून अधिक फंड असे घरचेच निघाले, आणि मामानं ते पत्रक बाजूला केलं. तिसऱ्या दिवशी, "मिस्त्री बिघडला तर हा काढतो की तसाच पोसतो?" मग दहा वर्षांत कोणते फंड काढले, कोणते आणले, ते पाहिलं. मग पैसे मध्येच काढले तर काय कापतात, कर कसा लागतो, मुकादम स्वतः नोकरी सोडून गेला तर पुढे कोण. मी कंटाळून जायचे. "मामा, लग्न जमवताना लोक इतकी चौकशी करत नाहीत," मी एकदा म्हटलं. "म्हणूनच तर पुढे रडतात," तो म्हणाला. खरं सांगते, त्याचे सगळे प्रश्न चोख होते. अशी पारख करणारी माणसं मी फार पाहिलेली नाहीत.

शेवटी एकच फंड उरला. बाहेरचे सहा फंड घेणारा, मजुरी बेताची, मुकादम जुना. आम्ही सल्लागार बाईंकडे गेलो. त्या एका व्यापारी इमारतीत तिसऱ्या मजल्यावर बसायच्या. काचेची केबिन, कोपऱ्यात पाण्याचं मशीन, भिंतीवर घड्याळ. मामाचं पहिलं वाक्य होतं, "मॅडम, तुमची लिफ्ट बोटभर खाली थांबते. म्हातारं माणूस ठेचकाळेल. सांगा कुणाला तरी." बाई हसल्या आणि त्यांनी खरोखर ते टिपून घेतलं. बाई प्रामाणिक होत्या, हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे काही लोकांनी खापर त्यांच्यावर फोडायचा प्रयत्न केला.

त्यांनी पडदा आमच्याकडे वळवला. त्यावर सहा फंडांच्या सहा रेषा होत्या. "काका, हे नीट बघा," त्या म्हणाल्या. "फंड सहा आहेत, पण सहाही साधारण एकत्र वर जातात आणि एकत्र खाली येतात. कारण आत बघितलं तर बऱ्याचशा कंपन्या त्याच त्याच आहेत. हे तुमच्या लक्षात यायला हवं."

मामा पुढे वाकला. त्यानं बोट पडद्याला न लावता एकेका रेषेवरून फिरवलं. "एकही मागे राहत नाही?"

"फारसा नाही."

"एकही ढिला नाही."

बाईंना तो शब्द गमतीचा वाटला. "नाही काका, ढिला कुणी नाही. पण म्हणूनच म्हणते, सगळे पैसे इथे नकोत. अर्धे रोख्यांत ठेवा, स्थिर राहतील. वाढतील कमी, पण हे पडले तर ते उभे राहतील."

"पुन्हा बघू," मामा म्हणाला. पण त्याचा चेहरा सैल झाला होता, आणि तो कधी सैल होतो ते मला माहीत होतं.

रस्त्यात मी विचारलं, "त्यांनी तर सावध केलं ना तुला?"

"सावध कशाला करतील? सहाही सारखे ताणतात म्हणाल्या. एकाच रिळाचे असल्यासारखे."

"मामा, त्यांनी ते वाईट म्हणून सांगितलं."

"त्यांना दोर माहीत नाहीत," तो शांतपणे म्हणाला. "आणि अर्धे रोख्यांत म्हणे. एका लिफ्टला अर्धे दोर तारेचे आणि अर्धे सुताचे लावून बघ. कोण बसेल त्यात? मी बेबीला बसवणार नाही."

मी भांडले. रस्त्यात उभी राहून भांडले, येणारे-जाणारे बघत होते. पण ज्या माणसाच्या दोरांनी जन्मभर एकालाही पडू दिलं नाही, त्याला दोरांबद्दल काय सांगणार? मला नेमकं कुठे चुकतंय ते शब्दांत धरता येत नव्हतं. त्याच्याकडे मात्र शब्द होते आणि हाताशी चाळीस वर्षांचा अनुभव होता. तो पुन्हा बघायला गेला, एकटाच, आणि सगळे पैसे त्या एका फंडात घालून आला. बाईंनी समजावलं, सूचना वाचून दाखवली, सही घेतली. आणखी काय करणार? त्या काही त्याची आई नव्हत्या.

पहिलं वर्ष छान गेलं. मामा दर आठवड्याला मला आकडा वाचायला लावायचा आणि मान हलवायचा. मग दूरच्या कुठल्याशा देशात काहीतरी बिनसलं आणि बाजार घसरायला लागला. मी मामाला आकडा वाचून दाखवला. तो म्हणाला, "एकेकाचा वाच." मी एकेक फंडाचा वाचला. सहाही खाली होते. पुढच्या आठवड्यात आणखी खाली. त्याच्या पुढच्या आठवड्यात आणखी. एकही मागे राहत नव्हता. मामा डोळे मिटून ऐकायचा. तिसरा हिस्सा गेला तेव्हा त्यानं मला वाचायचं थांबवलं आणि उठून खिडकीशी जाऊन उभा राहिला. पाठीवरूनसुद्धा कळत होतं की त्याला धाप लागलीय.

त्याच महिन्यात संस्थेचा फोन आला. एक जागा रिकामी झाली होती. रांगेत बेबीचा नंबर आला होता आणि ठेव महिनाभरात भरायची होती. वर्षभर आम्ही या फोनची वाट बघत होतो. आंधळा मागतो एक डोळा म्हणतात, इथे देवानं डोळा दिला आणि दिवा विझवला.

आम्ही पुन्हा सल्लागार बाईंकडे गेलो. लिफ्ट आता अगदी बरोबर थांबत होती, पण मामाचं तिकडे लक्षही गेलं नाही. बाईंनी हिशेब मांडला. आत्ता विकून ठेव भरली तर उरलेल्या पैशांत बेबीचं महिन्याचं शुल्क फार थोडी वर्षं निघेल. थांबलं तर बाजार वर येईल, आजवर आलेला आहे, पण कधी ते कुणी सांगू शकत नाही.

मामानं त्यांना सहा रेषा पुन्हा दाखवायला सांगितल्या. सहाही एकमेकींना धरून खाली उतरत होत्या.

"माझ्या कामात दोर सारखेच लागतात," तो म्हणाला. "ओझं एकच असतं आणि सगळ्यांनी मिळून ते उचलायचं असतं. इथे एक खाली जाताना दुसऱ्यानं वर राहायला हवं होतं. हे दोर नव्हतेच. मी आपलं दोर समजून तपासत बसलो."

"काका, मी आणखी फोड करून सांगायला हवं होतं," बाई म्हणाल्या. त्यांचा आवाज खाली आला होता.

"नाही मॅडम. तुम्ही खोट दाखवलीत. मी तिलाच गुण समजलो. तुमचं काही चुकलं नाही."

बाईंनी पडदा परत स्वतःकडे वळवला. मग म्हणाल्या, "या पैशांना वेळ द्यायला हवा. वेळ आहे का तुमच्याकडे?"

"बेबीकडे आहे," मामा म्हणाला. "माझ्याकडे नाही."

मला तिथे बसवेना. मी पाणी प्यायच्या निमित्तानं उठले आणि त्या मशीनपाशी रिकामा कागदी पेला धरून उभी राहिले. माझ्या मामानं जगात कुणाचं वाकडं केलं नव्हतं. हे त्याच्याच वाट्याला का यावं, याचा मला इतका संताप आला होता की पेला चुरगळून गेला.

पैशाचं पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते, कारण ज्यांना ही हकीगत सांगते ते सगळे आधी तेच विचारतात. मामानं तेव्हा काही विकलं नाही. संस्थेतली जागा रांगेतल्या पुढच्या माणसाला गेली. बाजार सावरायला दोन वर्षं लागली, मग पैसे पुरते भरून आले आणि वर वाढलेही. बाईंच्या सल्ल्यानं आता निम्मे रोख्यांत आहेत. दीर्घ मुदतीबद्दल मामाचा अंदाज बरोबर होता. त्यानं तो खरा झालेला पाहिला नाही. बाजार तळाशी होता त्याच्या पुढच्या वर्षी, झोपेत, तो गेला.

पण मला सांगायचंय ते बाईंकडून परत आल्यानंतरच्या आठवड्याचं. दुपार होती. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. मी आलेला माल फळीवर लावत होते. मामा आत आला आणि आजारी माणसांसाठी ठेवलेल्या स्टुलावर बसला. चिठ्ठी घेतल्याशिवाय तो दुकानात कधी आला नव्हता.

"गोळ्या संपल्या?"

"नाही."

"बेबीमावशी?"

"शेजारी आहे." त्यानं काउंटरवरची खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली, झाकण घट्ट आहे का ते बघितलं, परत ठेवली. मान पुसली. मग म्हणाला, "तुला एक विचारायचंय. नाही म्हणालीस तरी चालेल. नाही म्हणणं तुला सोपं जावं म्हणून इथे आलो, घरी नाही आलो. घरी जावईबापू असतात, तुला संकोच वाटला असता."

मी हातातली खोकी खाली ठेवली.

"मी सगळं करून बघितलं," तो म्हणाला. "कुणाला त्रास नको म्हणून. ते काही..." आणि तो थांबला. माझ्याकडे न बघता, समोरच्या फळीकडे बघत, त्यानं आयुष्यात जे कधी कुणाला विचारलं नव्हतं ते विचारलं. "माझ्यामागे बेबीला ठेवून घेशील का?"

मला रडू यायला हवं होतं, पण मला राग आला. माझं असंच आहे. "माझं लग्न ठरत होतं तेव्हा," मी म्हणाले, "तुझ्या जावईबापूंना मी पहिली गोष्ट काय सांगितली, माहीत आहे? मला एक मावशी आहे. मामा आहे तोवर ती मामाकडे. नंतर ती आपल्याकडे. पटत असेल तर पुढचं बोलू."

मामानं मान वळवली. "कधी?"

"लग्नाच्या आधी, मामा. साखरपुड्याच्याही आधी."

"तो काय म्हणाला?"

"म्हणाला, तिला कुत्र्याची भीती वाटते का? तेव्हा त्याच्याकडे कुत्रं होतं."

मामा हसलाही नाही. तो काहीतरी जुळवत होता. "मला कुणी बोललं नाही."

"कसं बोलणार? एकदा थोडे दिवस पाठव म्हटलं तर वर्षभर तोंड दाखवलं नाहीस. तू विचारशील म्हणून आम्ही वाट बघत बसलो. आमच्या घरातली ती आतली खोली कुणाची आहे असं वाटलं तुला? दर खेपेला म्हणायचास, रिकामी कशाला ठेवता, भाड्यानं द्या."

बाहेरून एक मोटार गेली. मग अगदी हळू, जणू काही एखादं यंत्र शेवटचं तपासून बघावं तसं, तो म्हणाला, "त्या खोलीच्या खिडकीला जाळी लावून घ्या. कबुतर आत आलं तर बेबी फार घाबरते."

"लावलीय," मी म्हणाले. "राहायला गेलो त्या आठवड्यातच लावलीय."

तेव्हा मामा रडला. दोन्ही तळहात गुडघ्यांवर ठेवून, लहान मुलासारखं तोंड उघडं टाकून. एक बाई चिठ्ठी घेऊन दारात आल्या होत्या. मी त्यांना थोड्या वेळानं यायला सांगितलं आणि काउंटरची फळी उचलून बाहेर, मामाकडे गेले.